ट्रेसिंग बंद

बरं वाटतंय म्हणून माझा थोरला भाऊ इस्पितळातून घरी जायला निघाला, आणि माझं डोकं फिरलं.

तसं ते लवकरच फिरतं. राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या घरात कुणीही सांगेल, विचारायचीसुद्धा गरज नाही. पण त्या दिवशी रागाला कारण होतं. दादा खाटेच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होता आणि शेजारच्या खाटेवर वहिनी केस विंचरत होती. आदल्या दिवशी याच दोघांना उलट्या-जुलाबांनी इतकं पिळून काढलं होतं की धरून उभं करावं लागत होतं. सलाईन चढलं, पोटं सावरली, चेहऱ्यावर तरतरी आली. लगेच दादाला आपला शिलाईचा कारखाना आठवला. शाळा उघडायला आल्या होत्या, गणवेशांचे गठ्ठे पडून होते, कारागीर मालक कधी येतो म्हणून वाट बघत होते.

"छोटे, डॉक्टरांना सांग, आम्हाला सोडा म्हणावं. आम्ही ठणठणीत आहोत," तो म्हणाला. मी पन्नाशी ओलांडली तरी त्याच्या लेखी छोटीच आहे.

"बूट काढ," मी म्हटलं.

"का? काय झालं आता?"

"आधी काढ. मग सांगते."

झालं होतं ते असं. दादा सकाळी फिरायला गेला आणि नदीकाठच्या नव्या बागेत त्याला झाडाखाली अळंबी दिसली. फिकट हिरवट टोप्या, पांढऱ्या दांड्या, चांगली भरलेली. आमचे बाबा अळंबी ओळखण्यात स्वतःला पटाईत समजायचे. त्यांचा एकच नियम होता: जिला गोगलगायीने तोंड लावलंय ती माणसालाही चालते. लहानपणी आम्ही दोघं अळंबी उचलायच्या आधी कुरतडल्याची खूण शोधायचो, आणि सापडली की बाबांकडे धावत जायचो. एवढ्या वर्षांत आम्हाला काही झालं नाही, म्हणजे नियम खरा, हे आमचं शास्त्र. नदीकाठची अळंबी जागोजागी कुरतडलेली होती. एका टोपीवर तर गोगलगाय बसूनच होती म्हणे. दादाने तिला अलगद उचलून गवतावर ठेवलं आणि पिशवी भरून घरी आला. स्वयंपाक त्याला हौसेने करायचा असतो. लोणी, लसूण, वरून मिरपूड. वहिनी सांगते, चव फार सुंदर होती. या अळंबीची चव चांगलीच असते, तेच तर वाईट आहे.

गोगलगायीला ते विष बाधत नाही, माणसाला बाधतं. बाबांचं नशीब एवढंच की त्यांच्या वेळी ही जात आमच्याकडे नव्हती. नव्या बागेसाठी लांबून रोपं आणली, त्यांच्या मुळांबरोबर ती आली. हे मला कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी सांगितलं. पिशवीत दोन कच्च्या अळंब्या उरल्या होत्या, त्या मी डब्यात घालून त्यांच्याकडे नेल्या. त्यांनी झाकण उघडलं, पाहिलं, पुन्हा लावलं आणि विचारलं, "किती जणांनी खाल्लंय?"

मी याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणं हे माझं काम, आणि ते टेबल मी वर्षानुवर्षं सांभाळलंय. त्यामुळे या विषाचं पुढे काय होतं हे मला माहीत होतं. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनाही माहीत होतं. पोरसवदा, पण कामाला पक्की बाई. औषधं तिने वेळ न घालवता सुरू केली होती. दादालाही तिने समजावून सांगितलं होतं, पण ती घाईत आणि हा घरी जायच्या नादात. ती म्हणाली, "यकृताच्या पेशींमध्ये नवीन प्रोटीन तयार होणं बंद पडतं." यावर आमच्या दादासाहेबांचं उत्तर, "मग अंडी जास्त खाईन."

शेवटी मीच स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"दादा, कापड बेतायचे तुझे पुठ्ठ्याचे पॅटर्न कुठे असतात?"

"माझ्या खोलीत. कपाटात."

"शिलाईच्या टेबलावर का देत नाहीस?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एक हरवला की सगळा धंदा बसला. कारागिराला कागदावर ट्रेसिंग काढून द्यायचं. कागद मळला, फाटला, की दुसरा काढायचा."

"कोण काढतं?"

"आमचा म्हातारा मास्तर. तो नसला तर मी."

"पेशीतही हेच चालतं. मधोमध एक बंद खोली आहे, केंद्रक म्हणतात तिला. तिच्यात डीएनए. म्हणजे सगळे पॅटर्न तिथे, आणि ते कधी बाहेर येत नाहीत. ज्या प्रोटीनची गरज आहे तेवढ्याच भागाचं ट्रेसिंग काढायचं, त्याला आरएनए म्हणतात. ते खोलीबाहेर जातं, रायबोसोमकडे. ते तुझे कारागीर. ते तीन-तीन अक्षरं वाचतात. प्रत्येक तीन अक्षरांना एक ठरलेला तुकडा, अमिनो आम्ल, तो पुढे जोडायचा. जोडत जोडत लांब माळ होते, ती घडी घालून आकाराला येते, की झालं प्रोटीन."

"म्हणजे या विषाने कारागीर मारले?"

"कारागिरांना हातसुद्धा लावलेला नाही. पॅटर्नही जागच्या जागी आहेत. ट्रेसिंग काढणारा जो आहे ना, त्याचा हात धरून ठेवलाय."

दादा नाडीशी खेळत होता तो थांबला. त्याला शाळेत काही कळलं नसेल, पण कारखान्याचं त्याला सांगावं लागत नाही.

"म्हणजे काम चालूच असणार," तो सावकाश म्हणाला. "जुन्या कागदांवर. आतून कोणी नवीन पाठवत नाही हे बाहेर कळणारच नाही. कागद फाटायला लागले की मग एकेक टेबल बंद."

"म्हणून तुला बरं वाटतंय."

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती वेणी घालत होती आणि आमचं बोलणं ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

"पहिलं टेबल कुठलं बंद पडतं?"

"माझं," मी म्हटलं. "रक्त गोठवणारी प्रोटीनं यकृत बनवतं. त्यांतलं एक रक्तात फार टिकत नाही, काही तासांतच संपतं. सतत नवीन लागतं. ट्रेसिंग बंद झालं की पहिला तुटवडा त्याचा पडतो, आणि तो माझ्या नळीत दिसतो. घरी गेलास तर मला दिसणार नाही."

त्याने एक बूट काढला. मग दुसऱ्याची नाडी सोडता सोडता म्हणाला, "पण गोगलगायीने खाल्ली होती गं." मी म्हटलं, "गोगलगाय तुझी कोण लागते?" वहिनी फसकन हसली आणि हाताने तोंड झाकलं.

ते दोघं राहिले. पहिल्या नमुन्यात दोघांचंही रक्त वेळेत गोठलं. निळ्या टोपणाच्या दोन नळ्या, दोन्हींचे आकडे चांगले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "एवढ्यात हुरळून जाऊ नका, ताई." मी कशाला हुरळतेय. सकाळी दुसरे नमुने आले. दादाचा वेळ जरासा वाढला होता. वहिनीचा दुप्पट झाला होता.

मला पटेना. दादा ताट चाटूनपुसून खाणारा आणि वहिनी चिमणीसारखी टिपणारी. विष जास्त कुणाच्या पोटात गेलं असणार हे सांगायला वैद्य नको. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी चिठ्ठ्या तपासल्या, नमुने परत मागवले, परत लावले. आकडे तेच.

मी वर गेले आणि दादाला व्हरांड्यात बोलावलं. "कोणी किती खाल्लं? नीट सांग."

"मीच जास्त. कढईसुद्धा मीच पुसली."

"मग तिलाच जास्त कसं झालं?"

"मला काय माहीत? मी दांड्या खाल्ल्या, पावाबरोबर. त्या चिवट असतात, तिला चावत नाहीत. टोप्या मऊ होत्या, त्या सगळ्या तिला वाढल्या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने विचारलं, "का? टोप्यांचं काय?"

माझ्या जिभेला हाड नाही. आई हयात असताना रोज सांगायची, बोलायच्या आधी गिळायला शीक. मी ताडकन बोलून गेले, "अरे, विष टोपीतच जास्त असतं. दांडीत कमी."

बोलले आणि मला कळलं मी काय केलं ते. दादा भिंतीला टेकला. ज्या माणसाच्या ओरड्याने अख्खा कारखाना सुया खाली ठेवतो, त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी सांगेन. बरी झाली की सांगेन."

"सांग," मी म्हटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. दादाचा आकडा थोडा चढला आणि तिथेच थांबला. वहिनीचा चढतच गेला. आधी तिचे डोळे पिवळे झाले, मग कातडी, मग ती दिवसाढवळ्या झोपायला लागली. एकदा मी टोचायला आलेल्या नर्सबरोबर गेले तर मला म्हणाली, "शाळा सुटली का गं?" आणि पुन्हा डोळे मिटले. मी नळी घेऊन खाली आले. तिचं रक्त पातळ पाण्यासारखं फिरत होतं आणि गोठायचं नाव घेत नव्हतं.

दादा डॉक्टरीणबाईच्या मागे लागला. "माझं यकृत घ्या. अर्धं काढून बसवतात ना?" ती म्हणाली, "काका, तुमच्यातही तेच विष गेलंय. तुमचं घेता येणार नाही." मग त्याने दुसरी वाट काढली. कारखानदारच तो.

"आपल्या टेबलांवरून माल निघत नाही ना? मग बाहेरून तयार माल आणा. सीझनला मी तेच करतो. रक्तातलं ते जे काय गोठवणारं आहे, ते पिशवीतून मिळतं, मला छोटीनेच सांगितलंय."

"प्लाझ्मा मिळतो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "रक्तस्राव सुरू झाला तर क्षणाचाही उशीर करणार नाही. पण आज देणार नाही. बाहेरचा माल भरला की आकडा सुधारेल, आणि यांचं स्वतःचं यकृत काय करतंय ते आम्हाला कळायचंच नाही. यकृत बदलायचं की थांबायचं, हे त्या आकड्यावर ठरणार आहे."

दादा माझ्याकडे वळला. "तुझ्या एका आकड्यासाठी तिला अशी ठेवताय?"

"हो," मी म्हटलं. "त्याच आकड्यासाठी."

तो माझ्याशी बोलायचा थांबला. मी डबा आणला तर घ्यायचा, खायचा, रिकामा डबा खाटेवर ठेवायचा, पण तोंडातून शब्द नाही. मला राग आला नाही. मला त्याची दया येत होती, आणि ती रागापेक्षा जड जाते.

वहिनीचं नाव यकृत बदलायच्या यादीत वर गेलं, आणि तिच्या जुळणीचं एक यकृत आलंसुद्धा. कुणीतरी अपघातात गेलं होतं, घरच्यांनी दिलं. सर्जन स्वतः दादाशी बोलायला आले. मीही तिथेच होते.

"सकाळच्या नमुन्यात यांचा वेळ वाढलेला नाही," ते म्हणाले. "किंचित कमीच झालाय. पण एका आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. आत्ता एक नमुना घेतलाय. तो आणखी उतरला असेल तर यांचं यकृत पुन्हा कामाला लागलंय, मी हात लावणार नाही. उतरला नसेल तर लगेच आत घेतो. थांबून चुकलो, तर दुसरं मिळेल याची खात्री नाही. आणि यांचं एकदा काढलं की ते गेलं."

दादाने मान हलवली. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. "छोटे, जा. नीट कर."

नळी माझ्या हातात होती. जिना उतरताना मी ती मुठीत इतकी घट्ट धरली होती की फुटेल असं वाटलं. प्रयोगशाळेत आले, रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं केलं. असल्या नमुन्याचं मी नुसत्या मशीनवर भागवत नाही. कोमट पाण्याच्या टाकीत नळी धरून, हलकेच वाकडी करत, हातानेही बघते. जुनी पद्धत आहे, पण त्या पिवळ्या पाण्यात गोठल्याचा पहिला धागा धरलेला स्वतःच्या डोळ्यांना दिसतो. त्या दिवशी मी घड्याळ हातात घेतलं आणि मला कळलं की मला धागा दिसणार आहे. असो वा नसो, दिसणार आहे. तो दिसावा म्हणून माझा जीव इतका टांगणीला लागला होता की डोळ्यांचा भरवसा उरला नव्हता.

शेजारच्या टेबलावर साखर तपासणारी माझी मैत्रीण बसते. तिला मी "साखर" म्हणते, ती मला "गोठण" म्हणते. तिला हाक मारली. "साखर, हा नमुना तू कर."

"अगं, यात तुझा हात धरणारं इथे कोण आहे?"

"आज हा हात माझा नाही. तू कर, मशीनवरही लाव, हातानेही बघ, आणि दोनदा बघ. कुणाचा आहे ते मी सांगत नाही."

ती समजली आणि तिने नळी घेतली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलंय, ते मी वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"गोठण," ती म्हणाली, "ये, बघ."

टाकीतल्या नळीत गाठ बसली होती. मऊ, पण गाठ. सकाळपेक्षा स्पष्ट लवकर. दुसऱ्या वेळीही तसंच, मशीनवरही तसंच. बाहेरून वहिनीला काहीही दिलेलं नव्हतं. म्हणजे तिच्या यकृतात उरलेल्या पेशींमधून विष धुऊन निघालं होतं, धरून ठेवलेला हात सुटला होता, बंद खोलीत पुन्हा ट्रेसिंग निघत होतं आणि बाहेर कारागीर वाचून जोडत होते. ते प्रोटीन आज बनलेलं होतं, तिचं तिनेच बनवलेलं. मी सर्जनना फोन केला. माझा आवाज ऐकून त्यांनी आकडा मला दोनदा म्हणायला लावला.

यकृत यादीतल्या दुसऱ्या कुणाला तरी गेलं. दादाला मी सांगितलं तेव्हा त्याने आधी तेच विचारलं, "वाया नाही ना गेलं?" मी नाही म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचा विसरला.

वहिनीला पुरतं भान यायला आणखी थोडे दिवस लागले. डोळ्यांचा पिवळेपणा उतरत होता. एका दुपारी ती उशीला टेकून बसली होती आणि मी तिची वेणी घालत होते. दादा समोरच्या खुर्चीत बसला होता. मला वाटलं आता हा आजही टाळणार. पण त्याने खुर्ची पुढे ओढली.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या टोप्या सगळ्या मी तुला वाढल्या होत्या. विष त्यांच्यातच होतं. तुला जे झालं ते माझ्यामुळे."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तिला धक्का बसल्याचं दिसलं नाही. कपाळाला आठी मात्र पडली.

"यांना कुणी सांगितलं?" तिने मला विचारलं.

मला काही समजेना. "म्हणजे? तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच त्या डॉक्टरीणबाईने विचारलं होतं, टोप्या कुणी खाल्ल्या आणि दांड्या कुणी. यांना तेव्हा पोटाचा फोटो काढायला नेलं होतं. असं का विचारतेस म्हटलं तर तिने कारण सांगितलं. मी म्हटलं, दोघांनी सारखंच खाल्लं." ती थांबली, तिला अजून दम लागत होता. "दुसरं काय सांगणार? हे आयुष्यभर जेवले नसते."

दादाने तिचा हात दोन्ही हातांत धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. वहिनी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच सांगितलंस ना?"

"मीच," मी म्हटलं.

"वाटलंच मला."

एवढंच बोलली. रागावली नाही, टोमणा मारला नाही. मी तिच्या वेणीचा शेवटचा पेड तसाच हातात धरून उभी होते, आणि मला तो पुढे घालता येत नव्हता.